सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर

कॅसेटमधली फीत वाजताना सेकंदाला जवळपास पावणेपाच सेंटिमीटर सरकते. बोटाची दोन पेरं भरतील एवढं अंतर. तिची रुंदी चार मिलिमीटरही नसते. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू म्हणजे सुमारे ८६ मीटर फीत, आणि तेवढ्यात अर्ध्या तासाचं गाणं मावतं. फिलिप्स कंपनीच्या लू ओटेन्स यांनी कोटाच्या खिशात मावेल असा एक लाकडी ठोकळा आधी करून घेतला आणि सहकाऱ्यांना सांगितलं, यंत्र या मापाचं हवं. त्यातून घडलेली कॅसेट १९६३ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात जगासमोर आली. तेव्हा ठरलेला वेग पुढे जगभर पाळला गेला, म्हणून कराडच्या दुकानात भरून घेतलेली कॅसेट परगावच्या पाहुण्यांच्या टेपवरही त्याच सुरात वाजायची. मला या आकड्याबद्दल माया आहे. गाण्याला लांबी असते, ते मोजपट्टी लावून मोजता येतं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

गाडीत ही लांबी दुसऱ्या एका लांबीच्या शेजारून धावते. ताशी पन्नासच्या वेगाने गाडी सेकंदाला चौदा मीटर रस्ता मागे टाकते, त्याच सेकंदात फीत पावणेपाच सेंटिमीटर पुढे जाते. अर्ध्या तासात रस्ता पंचवीस किलोमीटर, फीत ८६ मीटर. दोन्ही एकाच वेळी उलगडतात आणि उलगडता उलगडता एकमेकांत गुंततात. कराडहून चिपळूणला जाताना आमच्या मारुती आठशेमध्ये हे नेहमी घडायचं. नव्वद मिनिटांची कॅसेट लावली की पहिली बाजू पाटणच्या तोंडाशी संपायची. टेप ऑटोरिव्हर्सचा होता. आत कळ बदलल्याचा जाड आवाज व्हायचा आणि दुसरी बाजू सुरू व्हायची. हेळवाक मागे पडून कुंभार्ली घाट लागला की रेडिओ खरखरायला लागायचा. टेपला मात्र डोंगराशी देणंघेणं नव्हतं. पोफळीपर्यंत प्रत्येक वळणाचं गाणं ठरलेलं असायचं, आणि एखादं गाणं दुसरीकडे कुठे कानावर पडलं तरी मला ते वळण दिसायचं.

त्या रस्त्यावर गाणी एकट्या आमच्या गाडीत नव्हती. वडापच्या जीपगाड्यांमधून प्रल्हाद शिंदे यांचा आवाज पुढे जायचा आणि धुरळा खाली बसेपर्यंत ऐकू येत राहायचा. कॅसेट येईपर्यंत आपल्याकडे ध्वनिमुद्रिकांचा धंदा मुख्यतः एका मोठ्या कंपनीच्या हातात होता. १९८० च्या दशकात स्वस्त कॅसेटने ते चित्र पालटलं. भीमगीतं, भारुडं, कीर्तनं, तमाशाचे वग, कथाकथन, ज्यांना तबकडीवर सहसा जागा मिळत नसे असे कितीतरी आवाज एसटी स्टँडवरच्या आणि जत्रेतल्या टपऱ्यांवर येऊन बसले. गाणी भरून देणारी दुकानंही होती. आवडीच्या गाण्यांची यादी द्यायची, कोरी कॅसेट द्यायची आणि दोन दिवसांनी घेऊन यायची. कुठल्या गाण्यामागे कुठलं ठेवायचं यावर आमच्या घरात रात्र रात्र चर्चा व्हायची. कारण एकदा भरलं की तोच क्रम कायम, आणि गाडीतल्या सगळ्यांना तोच ऐकायचा असे. एक गाणं संपून दुसरं सुरू होईपर्यंतच्या शांततेत पुढची ओळ कुणीतरी आधीच गुणगुणलेली असायची.

असा टेप एका दिवसात बंद पडत नाही. आधी तो कॅसेट खायला लागतो. का खातो ते समजून घेतलं की त्याच्यावर राग धरवत नाही. फीत पुढे ओढण्याचं काम कॅपस्टन नावाची पोलादी दांडी करते. रबराचा पिंच रोलर फितीला तिच्यावर दाबून धरतो. पलीकडची चकती पुढे आलेली फीत गुंडाळून घेते. ही चकती दमली, थांबली, तरी कॅपस्टन ओढतच राहतो. फितीला जायला जागा उरत नाही आणि ती रोलरभोवती वेढे घ्यायला लागते. अशा वेळी कॅसेट हिसकून काढायची नसते. आमच्या टेपने शेवटी भीमसेन जोशींच्या अभंगांची कॅसेट धरून ठेवली आणि तो गप्प झाला.

गाडीच्या सामानाच्या दुकानात उत्तर तयार होतं. पुढच्या फळीतली टेपची खाच ठरावीक मापाची असते, १८० बाय ५० मिलिमीटर, त्यामुळे जुना काढला की ब्लूटूथचा नवा तिथेच बसतो, वायरीही तशाच जुळतात. पिवळी कायम बॅटरीची, लाल चावीची, काळी अर्थिंगची. अर्ध्या तासाचं काम. दुसरा मार्ग म्हणजे मोबाइलला वायरीने जोडायची खोटी कॅसेट. पण तिलाही टेपचं पोट धड लागतं. नव्या वस्तूंशी माझं वैर नाही; रोजच्या धावपळीत मी मोबाइलवरच गाणी ऐकते. पण जी वस्तू उघडता येते, जिचे भाग डोळ्यांना दिसतात आणि जिचं दुखणं बोटाने दाखवता येतं, ती न उघडताच टाकून देणं मला पटलं नाही. म्हणून मी टेप दुरुस्त करणारा माणूस शोधला. एका बोळात, मिक्सर आणि पंख्यांच्या गर्दीत तो सापडला. साठीच्या पुढचे, चष्मा कपाळावर चढवलेले काका.

त्यांनी वरचा पत्रा काढला. आत दोन जड चाकं, त्यांच्यावरून मोटरपर्यंत गेलेला रबरी बेल्ट. बेल्ट म्हणजे पूर्वीचा बेल्ट. आता जागोजागी त्याचा काळा चिकट लेप झाला होता, बोटाला लागला की सुटत नव्हता. अडकलेली फीत काकांनी चाक उलटं फिरवत, चिमट्याने, एकेक वेढा सोडवत बाहेर घेतली. मग कापूस गुंडाळलेली काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून त्यांनी फीत वाचणाऱ्या हेडवरून फिरवली आणि माझ्यासमोर धरली. कापसावर तपकिरी डाग होता. “गंज आहे का?” मी विचारलं. “गंजच म्हणा. फितीवरचा आहे,” ते म्हणाले.

फितीवर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ थर असतो. गाणं म्हणजे त्या कणांची चुंबकीय मांडणी. फीत हेडला घासून जाते तेव्हाच आवाज निघतो, आणि घासताना थोडे कण मागे राहतात. म्हणजे प्रत्येक वेळी ऐकलेल्या गाण्याचा लहानसा अंश या यंत्रात उतरत होता. जे गाणं आम्हाला सगळ्यात आवडायचं, ते सगळ्यात जास्त झिजलं. उंच स्वरांची धार आधी जाते, मग आवाज जरा आत बसतो. मोबाइलमधलं गाणं हजार वेळा ऐकलं तरी तसंच राहतं आणि त्यासाठी मी कृतज्ञ आहे. तरीही तो डाग पाहून मला वाटलं, ऐकण्याची खूण अशी कुठेतरी उमटलेली असावी. आम्ही खरंच ऐकलं होतं, त्याचा तो पुरावा होता.

काकांनी नवा बेल्ट चढवला, रोलर पुसला, फितीला पडलेल्या सुरकुत्या नखाने सपाट केल्या. आता वेग लावायचा होता. मोटरच्या पाठीवर एक बारीक छिद्र असतं. त्यात पातळ पेचकस घालून हलकंसं फिरवलं की वेग कमीजास्त होतो. त्यांनी अभंगांची कॅसेट लावली आणि म्हणाले, “ताई, तुमच्या कानाला पटलं की सांगा.” भीमसेनांचा आवाज आधी जड आला, मग हळूहळू वर चढला. ओळखीच्या जागी पोचला तेव्हा मी म्हटलं, “बस. हाच.”

काका काही बोलले नाहीत. त्यांनी मोबाइलवर तेच ध्वनिमुद्रण शोधलं आणि एकाच क्षणी दोन्ही सुरू केली. पहिली ओळ जेमतेम बरोबर गेली. मग मोबाइलमधले भीमसेन पुढे निघाले, टेपमधले मागे राहिले. दोघांचा सुरही जुळत नव्हता. “तुमचा कान टेपबरोबर उतरलाय,” काका म्हणाले.

हिशेब सोपा आहे. वेग सहा टक्क्यांनी घटला की सूर अर्ध्या स्वराने खाली येतो. काळी एकमध्ये गायलेलं गाणं पांढरी एकमध्ये ऐकू येतं. बेल्ट सैल होत गेला, मोटर थकत गेली, पण हे इतकं सावकाश झालं की कुठल्याही दोन दिवसांत फरक नव्हता. आम्ही कधी शेजारी दुसरं काही लावून ताडून पाहिलं नव्हतं, आणि गाडीतलं प्रत्येक जण त्या टेपबरोबर थोडं थोडं खाली उतरत गेलं होतं. मी ज्या आवाजाला भीमसेनांचा खरा आवाज मानत आले, तो भीमसेन आणि आमचा दमलेला टेप या दोघांचा मिळून होता.

काकांनी पेचकस केसभर फिरवला. दोन्ही आवाज एकमेकांजवळ आले आणि एकाच दिंडीतल्या दोन टाळकऱ्यांसारखे बरोबर चालू लागले. सगळे आवाज नव्याने उजळले होते. तरी मला पहिल्यांदा ते परके वाटले, पंडितजींना कसली तरी घाई असल्यासारखे. पुढे चिपळूणला जाताना पाहिलं तर नव्वदच्या कॅसेटची बाजू पाटणच्या दोन-सव्वादोन किलोमीटर आधीच संपली. सगळी गाणी आपापल्या वळणांवरून सरकली होती. कुठल्याशा पुलाचं गाणं आता वडाच्या झाडापाशी लागत होतं. थोडे दिवस चुकल्यासारखं झालं, मग कानाने नवी जागा धरली.

सोबतीने कान असा न कळता उतरतो, हा विचार गाडीतून माझ्याबरोबर घरी आला. संध्याकाळी आई आणि मी प्रीतिसंगमावर जातो, कृष्णा-कोयनेच्या काठापर्यंत चालत. अनेक वर्षांचा परिपाठ. परदेशात राहणारी धाकटी बहीण सुट्टीला आली तेव्हा एकदा बरोबर निघाली आणि कोपऱ्यावर पोचून मागे वळून बघत राहिली. रात्री मला बाजूला घेऊन म्हणाली, “ताई, आई किती हळू चालायला लागली गं.” मला ते कळलं नव्हतं. रोज शेजारून चालताना माझंही पाऊल आईच्या पावलाबरोबर उतरत गेलं होतं. बहीण दुरून आली, तिच्या मनात आईची जुनी चाल जशीच्या तशी होती, म्हणून तिला अंतर दिसलं.

त्या रात्री मला वाईट वाटलं, आपण इतक्या जवळ असून पाहिलं नाही म्हणून. पण टेपच्या निमित्ताने मी ते पुन्हा उलटून पाहिलं आहे. टेपचा खरा वेग कुणीतरी ठरवून दिलेला आहे. भीमसेन ज्या पट्टीत गायले ती पट्टी त्यांची आहे आणि माझ्या सवयीसाठी ती उतरवून ठेवायचा मला अधिकार नाही. यंत्र ढिलं पडलं तर ते उघडावं, पुसावं, मूळ आकड्यावर आणून ठेवावं. त्यात गाणाऱ्याचा मान आहे. आईच्या चालण्याला असा मूळ आकडा कुठला? तिशीतली, मला कडेवर घेऊन बाजारातून येणारी तिची चाल खरी, आणि आताची बिघडलेली, असं कोण म्हणेल? तिची आजची चाल ही आजची तिचीच आहे. गुडघ्यांचा इलाज चालू आहे, तो चालूच राहील. पण तिच्याबरोबर चालताना माझं पाऊल उतरलं, ते मला न कळता उतरलं, हे मला आता बरं वाटतं. जवळ राहिल्याशिवाय तसं होत नाही. तेव्हा टेप पूर्वीच्या वेगाने लावून घेतला हे योग्यच झालं, आणि संध्याकाळी आईच्या शेजारी मी जशी चालते तशीच चालणार आहे.