वळण

‘वळण’ हा मराठीतला मोठा कामसू शब्द आहे. रस्त्याला वळण असते, अक्षराला वळण असते, आणि आपल्या मुलाला ते अजिबात नसते! अठरा वर्षे कॉलेजात मराठी शिकवूनही या शब्दाचा खरा अर्थ मला कळला तो यंदाच्या एप्रिलात, निफाड तालुक्यातल्या एका द्राक्षमळ्यात. आणि तोही एक वेल माझ्या हातून मोडल्यावर.

त्याचे असे झाले. आमच्या चिरंजीवांची दहावीची परीक्षा संपली आणि त्याच रात्री जेवताना त्यांनी जाहीर केले, ‘‘मी आर्ट्सला जाणार. मराठी घेणार.’’ माझ्या हातातला घास हातातच राहिला. वर्गात मराठीची थोरवी गाताना माझा आवाज चढतो हे खरे, पण ती दुसऱ्यांच्या मुलांसाठी! घरात मात्र सायन्स. ‘‘पोट कशावर भरशील?’’ मी गरजलो. ‘‘आपलं भरतंय की, बाबा,’’ चिरंजीव शांतपणे म्हणाले. पुढे आठवडाभर आमच्या घरात फक्त सौभाग्यवती बोलत होत्या. शेवटी त्याच म्हणाल्या, ‘‘आण्णाभावोजी कधीचे बोलावताहेत. दोघेही मळ्यावर जाऊन या. मलाही जरा शांतता मिळेल.’’

आण्णा हे माझे थोरले मावसभाऊ. ठाण्याहून गाडीने निघालो. कसाऱ्याचा घाट आला. एरवी बोगदे मोजणारा मुलगा खिडकीबाहेर बघत होता आणि मी वर्तमानपत्र उलटे धरून वाचत होतो. नाशिकरोडला उतरून एसटी धरली. शहर मागे पडले तशी रस्त्याच्या दोन्ही अंगांना तारांची जाळी आणि त्यांवर हिरवी छपरे दिसू लागली. समोरून क्रेट लादलेले टेम्पो येत होते. हंगाम सरत आला होता.

आण्णांच्या जुन्या बागेत पाऊल टाकले आणि मी दचकलोच. द्राक्षे काढून झालेली, आणि वेलींवर पान म्हणून शिल्लक नाही! नुसती काळपट लाकडे तारांवर आडवी पडलेली. ‘‘ही खरड छाटणी,’’ आण्णा म्हणाले. थंड मुलखात वेल हिवाळ्यात झोपते. आपल्याकडे तिला झोप ठाऊकच नाही. म्हणून आपल्याकडे छाटणी दोनदा आणि पीक एकदा. एप्रिलमध्ये खरडून काढायची, ती नव्या काड्यांसाठी. आणि ऑक्टोबरच्या सुमारास पुन्हा छाटायची, ती फळासाठी. ‘‘पण मास्तर, गंमत ऐक. पुढच्या फेब्रुवारी-मार्चात जो घड तोडायचा, तो या छाटणीनंतर महिना-दोन महिन्यांतच डोळ्याच्या आत ठरतो. बाहेरून काही दिसत नाही. त्या दिवसांत काडीला ऊन मिळालं नाही, गर्दी झाली, की ऑक्टोबरात कितीही लाड करा, नुसती पानं येतात.’’

मी चिरंजीवांकडे पाहिले. ते तारेवरच्या एका बुलबुलाकडे पाहत होते.

नवी बाग पलीकडे होती. जमिनीत डॉगरिज नावाचा रांगडा जंगली खुंट, कमी पाण्याला आणि खारट जमिनीला दाद न देणारा. त्यावर गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस भरलेले गोड द्राक्षाचे कलम. जानेवारीत ते कापून खाली आणले होते, आणि आता प्रत्येक वेलीचा एकच फुटवा बांबूच्या आधाराने तारेपर्यंत पोचला होता. इथून वळणाचे काम सुरू होते. तारेच्या खाली शेंडा खुडायचा. मग बगलेतून फुटी येतात. त्यांतल्या दोन निवडून तारेवर एक इकडे, एक तिकडे आडव्या न्यायच्या. या हातांना ‘ओलांडे’ म्हणतात.

‘‘सरळ वर का जाऊ देत नाही, काका?’’ आठवड्यातले चिरंजीवांचे पहिले पूर्ण वाक्य!

‘‘सरळ उभा शेंडा मोठा मिजासखोर, बाळ. तो खालच्या डोळ्यांना उठूच देत नाही. वेल आडवी केली की सगळे डोळे एका पातळीवर येतात, सगळ्यांना संधी मिळते. पण ओलांडाही एका दमात पळवायचा नाही. पळाला तर टोकाला काड्या फुटतात नि मधे टक्कल. नऊ-दहा पानं झाली की सहा-सात पानांवर शेंडा मारायचा. तो थांबतो, जाड होतो, बगलेतून काड्या देतो. मग टोकाची फूट पुढं न्यायची. थांबायचं, चालायचं.’’

सुतळी आठाच्या आकड्यासारखी बांधायची: एक फेरा तारेला, एक सैल फेरा वेलीला. खोड जाडावते, गाठ जाडावत नाही. सैल केली नाही तर तीच गाठ वेलीला कापते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी उत्साहाने एकटाच बागेत गेलो. एक फूट धरली, तारेवर वळवली, आणि ‘कट्’ असा आवाज झाला. ओलांडा माझ्या हातात! मागे चिरंजीव उभे होते. ते काही बोलले नाहीत, हे अधिकच लागले.

आण्णांनी तुकडा हातात घेऊन पाहिला. ‘‘सकाळी वेल पाण्यानं टच्च भरलेली असते, मास्तर. कडकन मोडते. ऊन चढेपर्यंत थांबला असतास तर हीच फूट हातात दोरीसारखी वळली असती. वळण चुकीचं नव्हतं, वेळ चुकली.’’ मग कात्रीने मोडलेला भाग नीट कापला. ‘‘खालचा डोळा फुटेल. एक हंगाम मागं पडेल इतकंच.’’

दुपारी ओसरीवर मावशी तांदूळ निवडत बसली होती. ‘‘माझ्या सासऱ्यांच्या मळ्यात कुठल्या तारा!’’ ती म्हणाली. ‘‘पांगारा लावायचा नि त्याच्यावर वेल चढवायचा. पांगाऱ्याची पालवी वाढली की ती छाटायची, नाहीतर आधारच वेलाला सावलीत ठेवतो.’’

मावशीने हे कोणाला उद्देशून म्हटले नव्हते. पण दुपारी चारला, उन्हात, मी आणि माझा मुलगा एकाच तारेच्या दोन बाजूंना उभे राहून सुतळी बांधत होतो. तो धरत होता, मी गाठ मारत होतो. ‘‘बाबा, सैल,’’ तो मधूनमधून म्हणत होता.

जूनपूर्वीच अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज भरायची वेळ आली. संगणक उघडून मी त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, ‘‘तूच भर. अडलं तर हाक मार.’’ मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. दहा मिनिटे फार लांब असतात. हाक आली ती एकच, ‘‘बाबा, आपला पिनकोड काय?’’

आता तो कला शाखेत आहे. माझी काळजी गेली आहे असे म्हणालो तर ते खोटे ठरेल. परवा, छाटणीच्या धामधुमीत, आण्णांचा फोन आला. ‘‘तुझ्या मोडक्या वेलीनं खालून फूट दिली. तारेवर पोचली. यंदा तिच्यावर घड धरत नाही, पुढच्या साली बघू.’’

फोन ठेवला आणि मी चिरंजीवांना सांगायला गेलो. ते निबंध लिहीत बसले होते. अक्षराला मात्र अजून वळण नाही!