शिसवी चौकटीची हकिगत

॥ श्री ॥

शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

चि. सोनूस,


तुझा फोन आला तेव्हा घरात पाहुणे होते, धड बोलता आलं नाही. दिवाळीला आलीस तेव्हा माझ्या पेटीतून दोन पातळ शिसवी फळ्यांची, पितळी बिजागरीची चौकट नेलीस, ती कशाची असं विचारत होतीस. स्टुटगार्टमधल्या तुझ्या मैत्रिणी म्हणे कुणी आरशाची म्हणतात, कुणी खेळण्याची. ती एनलार्जरमध्ये, म्हणजे फोटो मोठा करायच्या यंत्रात, निगेटिव्ह धरायची चौकट आहे आणि मी हाताने केलेली आहे. फोनवर उरकण्यासारखी ही गोष्ट नाही, म्हणून सावकाश लिहितो.

तुझ्या पणजोबांचा, म्हणजे दादांचा, अंगणात रंधा मारतानाचा फोटो तू बाबाकडून मागून तिकडे नेलास ना, तो याच चौकटीतून निघाला आहे. फोटोभोवती बारीक काळी रेघ आहे ती नीट बघ. तीन बाजूंना सरळ आहे, डावीकडे खालच्या अंगाला जराशी लहरते. आता चौकटीचं भोक उजेडासमोर धर आणि एकदा उलटून बघ. कुठल्यातरी एका बाजूने कानशीची तीच लहर तुला दिसेल. फोटोत ती तिप्पट झाली आहे, एवढाच फरक.

तो फोटो मी आगफा क्लिक थ्रीने काढला. आमच्या पिढीत हौशी माणसाच्या हातात बहुधा हाच कॅमेरा असायचा. १२० नंबरचा रोल, त्यात बारा चौकोनी फोटो. फोकस हलवायची सोय नाही. दहा फुटांच्या आत गेलं की चित्र धूसर यायचं, त्यामुळे माणूस लांबूनच टिपावा लागे. शटरही सावकाश, हलता हात पुसट व्हायचा. मी म्हटलं, "दादा, जरा थांबा." ते थांबले, पण रंध्यावरचा हात काही काढला नाही. रंध्याच्या तोंडातून निघालेला सागाचा छिलका तसाच अर्धवट लोंबत राहिला. निगेटिव्हच्या मापाच्या छोट्या प्रिंटमध्ये तो भिंगातून बघावा लागे.

मोठा फोटो करायला एका स्टुडिओत दिला. निगेटिव्ह चौकोनी आणि कागद लांबट, म्हणून त्यांनी वरून खालून छाटून कागद भरला. दादांचा चेहरा छान आला, पण रंधा गेला. त्यांच्या दृष्टीने ते चुकीचं नव्हतं, लोकांना चेहराच हवा असतो. मला तो रंधा हवा होता. बाभळीच्या लाकडाचा, दादांनी स्वतः तासून केलेला, मुठीपाशी त्यांच्या तळव्याच्या आकाराने झिजलेला. त्या दिवशी ठरवलं की एनलार्जर आपणच करायचा.

कोल्हापुरात असा विचार मनात येणं काही विशेष नाही, सोनू. बाबूराव पेंटरांचं मूळ आडनाव मेस्त्री. ते आणि त्यांचे भाऊ आनंदराव, दोघेही हाताने घडवणाऱ्या घरातले. सिनेमाचा कॅमेरा विकत मिळणं अवघड, तर तो आपणच करायचा असा ध्यास त्यांनी घेतला. १९१६ साली आनंदराव गेले. पुढे बाबूरावांनी सहकारी दामले यांना हाताशी धरून इथेच कॅमेरा तयार केला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे, लहानपणी तुला तिथे नेलं होतं. दादा तिथून जाताना दरवेळी म्हणायचे, "मेस्त्र्याचं पोर होतं." त्याचा त्यांना फार अभिमान होता, आणि मलाही आहे.

आता माझं काम काय होतं ते तुला नीट ठाऊक नसेल. तुझ्या बाबाने तुला 'आबा सुतार होते' एवढंच सांगितलं असणार. मी पॅटर्न मेकर. फौंड्रीत बिडाचं कास्टिंग ओततात, त्याच्या आधी त्या भागाची लाकडी प्रतिकृती लागते. ती वाळूत दाबून साचा उठवतात. बीड थंड होताना आटतं, म्हणून पॅटर्न मूळ मापापेक्षा मोठा करायचा, फुटाला साधारण एक सूत. त्यासाठी आमच्याकडे वेगळा, आधीच वाढवलेला कॉन्ट्रॅक्शनचा स्केल असतो. शिवाय बाजूंना किंचित उतार द्यायचा, म्हणजे पॅटर्न वर उचलताना वाळू ढासळत नाही. ऑइल इंजिनाचे कितीतरी भाग उद्यमनगरात असे आधी लाकडात जन्माला आले आहेत. वापर संपला की पॅटर्न कपाटात जातो आणि लोकांना दिसतं ते लोखंड. त्याची मला कधी खंत वाटली नाही.

तर एनलार्जर. जुन्या बाजारात भाता फाटलेला एक घडीचा कॅमेरा मिळाला, त्याची लेन्स चांगली होती. कड्यावर ७५ मिलिमीटर लिहिलेलं. तिप्पट मोठा फोटो हवा असेल तर अशा लेन्सपासून कागद ३० सेंटिमीटर खाली आणि निगेटिव्ह १० सेंटिमीटर वर यायला हवी, हा हिशेब पुस्तकातून काढला. लाकडी पेटीत दिवा ठेवला तर लाकूड करपणार, म्हणून दिव्याचं घर पत्र्याच्या डब्याचं केलं. हवेला भोकं ठेवली, पण उजेड थेट बाहेर पडू नये म्हणून प्रत्येक भोकावर आडवा पत्रा. बाकी सगळं सागवानी.

ही चौकट मात्र मुद्दाम शिसवाची. दिव्याने फिल्म तापते आणि फुगते, फुगली की मधला भाग धूसर होतो. तिला दोन्ही अंगांनी घट्ट आणि सपाट दाबणारं, न वाकणारं लाकूड हवं. एका जुन्या पलंगाच्या पायाचा तुकडा होता, वर्षानुवर्षं वाळलेला. त्याच्या दोन फळ्या चिरल्या. रंधा मारल्यावर फळीच्या दोन टोकांना दोन सरळ पट्ट्या उभ्या ठेवायच्या आणि एक डोळा मिटून एकीवरून दुसरीकडे बघायचं. पट्ट्यांच्या कडा जुळल्या नाहीत तर फळीत पीळ आहे. पीळ निघेपर्यंत एकेक पातळ छिलका काढत गेलो. फिल्मवरचं चित्र साधारण ५.६ सेंटिमीटरचं, भोक त्याहून किंचित मोठं ठेवलं, म्हणजे चित्राची एकही कड कापली जाऊ नये. भोवतालची कोरी फिल्म मग कागदावर काळी उमटते, ती ही रेघ. भोकाची आतली कड काळी आहे, ती चपड्यात काजळी कालवून. पॅटर्नला लावतो तेच. कड चकचकीत राहिली तर उजेड उडून चित्र फिकं पडतं.

सगळं जोडल्यावर मुख्य प्रश्न राहिला. निगेटिव्ह, लेन्स आणि कागद ठेवायचा खालचा पाट हे तिन्ही एकमेकांना समांतर आहेत की नाहीत? जरा तिरपं असलं तर फोटोची एक बाजू स्पष्ट आणि दुसरी पुसट. दादा बाजूला बसून बघत होते. कॅमेऱ्याला त्यांनी आयुष्यात हात लावला नव्हता. म्हणाले, "चौकट हाय न्हवं? मग कर्ण मोज." दाराची चौकट काटकोनात बसली का हे सुतार असंच बघतो. मी रिकामी चौकट घालून दिवा लावला, पाटावर उजेडाचा चौकोन पडला. त्याच्या चारी बाजू आणि दोन्ही कर्ण डिव्हायडरने मोजले. जिकडे माप वाढत होतं, तिकडे पाटाखाली कागदाची पट्टी सरकवली. बाजू आणि कर्ण जुळले तेव्हा दादा उठले आणि जेवायला गेले. त्या रात्री लाल दिव्याखाली डेव्हलपरमध्ये हळूहळू रंधा दिसू लागला, मग तो छिलका, आणि सगळ्यात शेवटी त्यांच्या सदऱ्याच्या घड्या.

फोटोग्राफीतले जाणकार लेन्सवर फार बोलतात. माझी लेन्स साधीच होती. तो फोटो कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत स्पष्ट आहे तो दादांच्या कर्णामुळे, असं माझं पक्कं मत आहे. ज्याने कधी निगेटिव्ह बघितली नाही त्याला ते सुचलं, कारण सगळी हयात तो चौकटी जुळवत आला होता. हे तुला कळावं म्हणून एवढं लांबण लावलं.

हल्ली लोक जुनी हत्यारं विकत घेतात, पॉलिश करतात आणि भिंतीवर टांगतात. मला ते आवडत नाही. रंध्याचं पातं धारेशिवाय राहिलं की त्याला गंज धरतो. तू त्या चौकटीला पॉलिश मारू नकोस. आतल्या बाजूला चपडा लागला तर तो फिल्मला चिकटेल. कोरड्या फडक्याने पुसत जा, बस्स. बिजागरीला तेलही नको.

एनलार्जरचं बाकीचं सामान माळ्यावर चादरीत बांधून ठेवलं आहे. लेन्स मी काढून माझ्या कपाटात ठेवली आहे, तिला बुरशी लागलेली नाही. तू मागे म्हणालीस की तुझी एक मैत्रीण अजून रोलचा कॅमेरा वापरते. तिच्याकडून एक दिवस मागून घे आणि तू जिथे काम करतेस तिथल्या एखाद्या जुन्या कारागिराचा, हातात हत्यार असलेला फोटो काढ. आधी त्याची परवानगी घे. रोल १२० नंबरचाच हवा, नाहीतर चौकटीत बसायचा नाही. रोल तिकडेच धुऊन निगेटिव्ह घेऊन ये, आणि चौकटही आण. रसायनांचं मी इथे बघतो. कागद मात्र तिकडूनच लागेल: ८ बाय १०, नॉर्मल ग्रेड, एक पाकीट. ते वाटेत उजेडात कुणालाही उघडू देऊ नकोस.

तुझे,
आबा