प्रवासाची शिदोरी

निवृत्ती या शब्दाबरोबर एके काळी डोळ्यांपुढे एक ठरलेले चित्र उभे राहत असे. ओटीवरची आरामखुर्ची, हाती रोझरी, समोर केळीची वाडी आणि संध्याकाळी चर्चच्या घंटेबरोबर सुरू होणारी घरातली प्रार्थना. आजारपण आले तरी ते या चित्राच्या चौकटीतच येई. गावचे डॉक्टर सायकलवरून येत, दुखणे वाढले तर बंगलीचे कार्डिनल ग्रेशस इस्पितळ होते, उशाशी सून वा लेक असे आणि पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तप्रसाद घेऊन येणारा धर्मगुरू असे. कुणी कुठे आजारी पडायचे, हा प्रश्नच नव्हता.

आज वसईतल्या कुठल्याही धर्मग्रामात घरे आशीर्वादित करण्यासाठी फिरावे आणि कुलपे मोजावीत. शेजारीण सांगते, "फादर, ते बेंगळुरूला लेकीकडे गेले आहेत. तिथून टोरोंटोला जातील. नाताळाला येतीलच असे नाही." मुले चार दिशांना पांगली आणि म्हातारपणी आईवडील त्यांच्यामागून फिरू लागले. चार महिने एका घरी, सहा महिने दुसऱ्या घरी, मधल्या दिवसांत वेलंकणी, जुने गोवे किंवा एखादी परदेशातली तीर्थयात्रा. हे हिंडणे सुखाचे आहे, नातवंडांच्या सहवासाचे आहे; त्याला नावे ठेवण्याचे मला कारण दिसत नाही. मात्र देह आपल्यासोबतच प्रवास करतो आणि देहाबरोबर त्याची दुखणीही करतात. घराला कुलूप लावता येते, मधुमेहाला लावता येत नाही.

२०२४ च्या आगमनकाळात आमच्या धर्मग्रामातले एक जोडपे कागदांची जाडजूड पिशवी घेऊन माझ्याकडे आले. मास्तर एकाहत्तर वर्षांचे. खरे तर ते अंधेरीच्या एका खाजगी कंपनीत हिशेबनीस होते. परंतु चर्चच्या गायकवृंदाला त्यांनी तीस वर्षे शिकवले, म्हणून सर्वांचे मास्तर. बाई सहासष्ट वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. लेक बेंगळुरूला, मुलगा टोरोंटोला. वसईचे घर बंद करून वर्षभर फिरत राहायचे, असे दोघांनी ठरवले होते. मतभेद एकाच गोष्टीवर होता : वाटेत आजारी पडलो तर पैसे कोण भरणार?

मास्तरांना चिंता वाटत नव्हती. लेकीच्या कंपनीच्या सामुदायिक विम्यात आईवडिलांची नावे होती. "हप्ता तिच्या पगारातून जातो, फादर. आणखी विमा कशाला? आमचे निवृत्तिवेतन काय मोठे आहे?" बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमच्याही कंपनीचा विमा होता. ज्या दिवशी तुम्हांला हार घालून निरोप दिला, त्याच दिवशी तोही संपला. तिची नोकरी सुटली तर?"

विमा हा काही सेमिनरीत शिकवला जाणारा विषय नव्हे. तरीही तीन संध्याकाळी आम्ही ते कागद वाचले आणि जे उमगले ते इतर कुटुंबांच्याही उपयोगी पडेल, म्हणून येथे मांडतो.

पहिली गोष्ट अशी की नोकरीबरोबर आलेले संरक्षण नोकरीबरोबरच जाते. सामुदायिक विम्यातून बाहेर पडताना त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय नियमांत आहे आणि आधी भोगलेला प्रतीक्षा काळही त्यात धरला जातो. परंतु हे वेळेवर मागावे लागते. एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे जायचे असेल तर नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करावा लागतो. फिरतीवर असलेल्या माणसाला या तारखा परमुलखात आठवत नाहीत. वार्षिक हप्ता चुकला तर ३० दिवसांची सवलत असते. त्या मुदतीत पैसे भरले की मागची वर्षे वाया जात नाहीत, पण मधल्या दिवसांत उद्भवलेल्या आजाराचा भार आपल्यावरच पडतो.

दुसरी गोष्ट सरकारी योजनेची. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षे व त्यापुढील सर्व ज्येष्ठांना, उत्पन्नाची अट न घालता, कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण मिळू लागले. 'आयुष्मान वय वंदना' नावाचे कार्ड आधारवरच्या वयावर निघते. जुन्या आजारांसाठी थांबावे लागत नाही आणि खाजगी विमा असला तरी हे कार्ड घेता येते. मास्तरांना ते मिळण्याजोगे होते. बाईंचे वय मात्र सहासष्ट. नवऱ्याच्या कार्डावर सत्तरीच्या आतल्या पत्नीला उपचार मिळत नाहीत. म्हणजे ज्या माणसाला विम्याची फिकीर नव्हती त्याची सोय झाली आणि जिला होती ती उघड्यावर राहिली! मास्तर त्या संध्याकाळी बराच वेळ गप्प होते.

या कार्डालाही फिरत्या माणसासाठी एक मर्यादा आहे. योजनेत नोंदलेल्या इस्पितळातच ते चालते. म्हणून जिथे जायचे त्या राज्यात योजना कशी राबवली जाते आणि मुलांच्या घराजवळचे कोणते इस्पितळ यादीत आहे, हे निघण्यापूर्वीच पाहून ठेवले पाहिजे.

बाईंसाठी स्वतंत्र पॉलिसी घ्यायचे ठरले. पासष्टीनंतर नवा विमा नाकारण्याची पूर्वीची रीत १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांनी मोडीत निघाली होती. परंतु पॉलिसी घेताना आपण विम्याचा आकडा तेवढा पाहतो आणि बारीक अक्षरे सोडून देतो. खोलीभाड्याची मर्यादा घ्या. विमा ५ लाखांचा आणि खोलीभाडे विम्याच्या एक टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. आपण ८,००० रुपयांची खोली घेतली तर वरचे तीन हजार भरले की सुटलो, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात अशा पॉलिसीत डॉक्टरांचे शुल्क, शस्त्रक्रियागृहाचे भाडे असे खोलीच्या दर्जाशी निगडित खर्चही त्याच प्रमाणात कापले जातात. तो खर्च २,४०,००० रुपये झाला तर कंपनी १,५०,००० देते. उरलेले ९०,००० आपले. औषधे, शरीरात बसवायचे साहित्य व तपासण्या यांना ही कपात लागू होत नाही, एवढाच दिलासा.

दुसरे कलम विभागाचे. काही कंपन्या शहरांप्रमाणे हप्ता ठरवतात. लहान गावाच्या स्वस्त दराने पॉलिसी घेतली आणि उपचार महानगरात झाले तर बिलाचा ठरावीक हिस्सा रुग्णाला सोसावा लागतो. वर्षातले चार महिने बेंगळुरूला काढणाऱ्या माणसाने गावाच्या दरातली बचत पाहून हुरळून जाऊ नये. बाईंनी खोलीभाड्याची मर्यादा नसलेली आणि साऱ्या देशात एकसारखी चालणारी पॉलिसी निवडली. हप्ता अधिक होता.

मग आला तो अर्ज. एका रकान्यात विचारले होते : मधुमेह, रक्तदाब वा अन्य कोणता आजार आहे काय? बाईंना अकरा वर्षांपासून मधुमेह. एजंटाने सल्ला दिला होता, "तेवढा रकाना कोरा सोडा. पाच वर्षांनी कुणी विचारणार नाही."

एजंटाचे म्हणणे अगदीच हवेतले नव्हते. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की माहिती दडवल्याच्या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही, असा नियम आहे. मात्र सिद्ध झालेली फसवणूक त्यातून वगळली आहे. शिवाय ती पाच वर्षे पुरी होईपर्यंत मनाला जो घोर लागतो, त्याचा उल्लेख कोणत्याही माहितीपत्रकात नसतो.

बाईंनी मला विचारले, "फादर, मी खोटे काही लिहीत नाही. फक्त काही लिहीत नाही. हे पाप धरायचे का?"

नैतिक ईशज्ञानाच्या वर्गात आम्ही या प्रश्नावर पुष्कळ काथ्याकूट केला होता. ज्याला सत्य जाणण्याचा हक्क नाही, त्याच्यापुढे मौन पाळता येते. परंतु ज्याच्याशी आपण करार करीत आहोत आणि ज्याने सरळ प्रश्न विचारला आहे, त्याच्यापुढचे मौन हे उत्तरच असते. विम्याच्या कायद्यातही हेच तत्त्व आहे. इंग्लंडचे न्यायमूर्ती लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी १७६६ साली सुमात्रा बेटावरील एका किल्ल्याच्या विम्याच्या खटल्यात ते स्पष्ट केले : विमा उतरवणाऱ्याला जे ठाऊक असते ते विमा देणाऱ्याला दिसत नाही, म्हणून दोघांनीही एकमेकांशी पूर्ण सचोटीने वागले पाहिजे. कायद्याच्या पुस्तकांत या तत्त्वाला 'उबेरिमा फिदेस' म्हणतात. लॅटिनमधला 'फिदेस' हा शब्द आम्ही उभा जन्म श्रद्धेसाठी वापरला. विम्याच्या अर्जाखालीही तोच शब्द उभा आहे, हे मी बाईंना सांगितले. त्या क्षणभर हसल्या आणि त्यांनी रकाना भरला. मधुमेह, अकरा वर्षे, गोळ्यांची नावे, सारे काही.

कंपनीने तपासण्या करविल्या, हप्ता वाढवला आणि मधुमेहाशी निगडित उपचारांसाठी ३६ महिन्यांचा प्रतीक्षा काळ घातला. २०२४ च्या नियमांनुसार याहून अधिक काळ घालता येत नाही. पूर्वी तो ४८ महिन्यांपर्यंत असे. त्या तीन वर्षांसाठी मास्तरांनी आपल्या ग्रॅच्युइटीतली काही रक्कम बँकेत वेगळी ठेवली. तिला हात लावायचा नाही, असे उभयतांनी ठरवले. विमा जिथे पोहोचत नाही, तिथे आपली पुंजी पोहोचली पाहिजे.

पुढच्या मे महिन्यात लेकीने नोकरी बदलली. नव्या कंपनीच्या विम्यात आईवडिलांना जागा नव्हती. जुलै २०२५ मध्ये, बेंगळुरूच्या पावसात, ओल्या जिन्यावरून बाई घसरल्या आणि मांडीचे हाड खुब्यापाशी मोडले. अपघाताला प्रतीक्षा काळ नसतो. लेकीने त्याच दिवशी कंपनीला कळवले. कंपनीने विचारले की रुग्णाला आधीपासून काही आजार आहे काय? इस्पितळाच्या कागदांवर मधुमेह लिहिलेला होता आणि अर्जावरही होता. दोन्ही कागद एकच बोलत होते. पैसे भरा, मग शस्त्रक्रिया करू, असे म्हणण्याची वेळ कुणावर आली नाही. मास्तरांनी मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज कापत होता. "फादर, तो रकाना कोरा असता तर?" मी त्यांना पुढे बोलू दिले नाही, बाईंची प्रकृती विचारली.

डिसेंबरात पॉलिसीचे नूतनीकरण झाले तेव्हा वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झालेला होता; बाईंना तेवढाच हातभार. आता त्यांचे लक्ष कॅनडाकडे लागले आहे. तिथला हिशेब निराळा. आपली सामान्य पॉलिसी भारताच्या सीमेवर थांबते आणि पाहुण्या आईवडिलांना कॅनडाची प्रांतिक आरोग्यसेवा फुकट मिळत नाही. आईवडिलांसाठीच्या सुपर व्हिसाला किमान १,००,००० कॅनेडियन डॉलरचा, प्रवेशापासून निदान एक वर्ष चालणारा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. जानेवारी २०२५ पासून तो मान्यताप्राप्त परदेशी कंपनीकडूनही घेता येतो. अशा विम्यात जुना आजार 'स्थिर' असण्याची अट पुष्कळदा असते. प्रवासापूर्वीच्या ठरावीक महिन्यांत गोळीची मात्रा बदलली, तरी आजार अस्थिर धरला जाऊ शकतो. म्हणून डॉक्टरांशी बोलूनच तिकिटाची तारीख ठरवावी, आणि इकडची पॉलिसी मात्र तिकडे असतानाही चालू ठेवावी. एकदा खंड पडला की प्रतीक्षा पुन्हा पहिल्या दिवसापासून.

प्राचीन रोममध्ये कामगिरीवर निघालेल्या माणसाला वाटखर्च म्हणून जे दिले जाई, त्याला 'व्हियाटिकम' म्हणत. ख्रिस्तसभेने हाच शब्द मरणोन्मुख माणसाला दिल्या जाणाऱ्या ख्रिस्तप्रसादासाठी घेतला. ती शेवटच्या प्रवासाची शिदोरी. शेवटची शिदोरी आम्ही धर्मगुरू घेऊन येतोच. त्याआधीच्या प्रवासाची शिदोरी मात्र ज्याची त्याने बांधायची असते. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या त्या वाटसरूला घायाळ अवस्थेत शोमरोनी भेटला, त्याने खाणावळवाल्याला दोन दीनार दिले आणि अधिक लागल्यास परतताना देईन म्हणाला. त्याने खोलीभाड्याची मर्यादा घातली नव्हती! परंतु प्रत्येक वाटेवर शोमरोनी भेटेलच, अशी हमी त्या दाखल्यात कुठेही नाही.

कंपनीने दावा नाकारला तर प्रथम तिच्याकडेच लेखी तक्रार करावी. महिन्याभरात समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. त्यांची कार्यालये मुंबईत आणि पुण्यातही आहेत. हे सारे कागदपत्र एका जागी असावेत आणि त्यांचा पत्ता किमान एका मुलाला ठाऊक असावा. बाईंच्या पर्समध्ये आता एक लहानसे कार्ड असते : औषधांची नावे, पॉलिसीचा क्रमांक, मदतीचा फोन, लेकीचा फोन. त्यामागे वेलंकणी मातेचे चित्र आहे. कोणती बाजू अधिक महत्त्वाची, असे मी त्यांना विचारलेले नाही.

प्रिय वाचकहो, आपल्या घरांत मृत्युपत्राविषयी बोलणे अशुभ मानतात आणि पैशांविषयी बोलणे अवघड. मुलांना वाटते, आईवडील मागतील तेव्हा देऊ. आईवडिलांना वाटते, मागायची वेळच येऊ नये. या दोन मायाळू मौनांच्या मध्ये इस्पितळाचे बिल येऊन पडते. येत्या नाताळात मुले घरी येतील. करंज्यांचे ताट रिकामे झाले की पाच मिनिटे आणखी बसा आणि एकमेकांना एवढेच विचारा : पुढचे वर्ष आपण कुठे कुठे असू आणि त्या प्रत्येक ठिकाणी आजारी पडण्याची आपली काय सोय आहे?