चुकलात तर ओट्यावर बसा

कोल्हारच्या आठवडे बाजारात जाताना लहानपणी आम्हा भावंडांना एकच ताकीद असायची. हात सुटला, गर्दीत मागे राहिलात, तर शोधत फिरायचं नाही. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या ओट्यावर जाऊन बसायचं. शोधायला मोठी माणसं येतील. दोन्ही बाजूंनी शोधायला निघालं की माणसं रात्रीपर्यंत एकमेकांच्या मागे फिरत राहतात, असं दादाजी म्हणत. हीच ताकीद पुढे आम्ही आमच्या दोन मुलांना दिली. फार विचार करून दिली असं नाही, तोंडात बसली होती म्हणून.

कोल्हार तसं वर्दळीचं गाव. नगर-मनमाड रस्ता गावातून जातो, घोटीकडचा फाटाही इथेच. शिर्डीच्या गाड्या रात्रंदिवस धावतात. गाळप हंगामात प्रवरानगरच्या कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या ट्रॉल्यांमागे तासतासभर अडकून पडावं लागतं. पौषात भगवतीमातेची यात्रा भरली की पाय ठेवायला जागा नसते. पावसाळ्यात भंडारदरा भरून प्रवरेला पाणी सुटलं की पुलावर बघ्यांची रांग लागते, आणि त्यात आमच्या शाळेतली मुलं हटकून असतात. तरीही इथे मूल फार वेळ हरवलेलं राहत नाही. "गुरुजींचा धाकटा पुलावर उभा आहे," ही खबर मूल घरी यायच्या आधी घरी पोचते. कधी कधी ती आम्हाला नकोशीही वाटते. पण ही सोय किती मोठी आहे, ते आम्हाला अरबी समुद्रात गेल्यावर कळलं.

दिवाळीच्या सुट्टीत भाईजाननी आखातातून तिकिटं काढून पाठवली. मुंबईहून निघून गोव्याला उतरवणारं पर्यटन जहाज, दोन रात्री. शिक्षकाच्या पगारात आम्ही असला बेत स्वप्नातही केला नसता. दादींना तो मुळीच पसंत नव्हता. त्यांचे वडील हजला जहाजाने गेले होते. मुंबई-जेद्दा हा हाजींचा जलमार्ग १९९५ मध्ये बंद झाला, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. जाऊन परत येईपर्यंतच्या महिन्यांत घरी दोन पत्रं आली, तीही उशिरा. "पानी पे गए सो अल्ला के हवाले," एवढंच दादी म्हणाल्या आणि मुलांच्या दंडाला हात लावून दुआ पढल्या. आम्ही हसून म्हणालो, आता मोबाईल आहे की.

शिर्डीहून वंदे भारतने मुंबई, रात्री कुर्ल्याला नातेवाईकांकडे मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी बॅलार्ड पिअर. जहाजावर दारूचे अड्डे आणि जुगाराचे टेबल असतात हे ऐकून होतो. ते होतेच. आम्ही तिकडची वाट सोडली, जेवणाची चौकशी आधीच करून ठेवली होती, त्यामुळे त्यावर आणखी शाई खर्च करत नाही.

मुलांना ओढ होती ती मुलांच्या क्लबची. रंगीत खोली, खेळ, चित्रकला, वर देखरेखीला मुली. आत सोडताना एक फॉर्म भरून घेतात: मुलाचं वय, ॲलर्जी, केबिनचा नंबर, मोबाईल नंबर, मुलाला न्यायला कोण येणार. शेवटी एक प्रश्न होता, मोठ्या मुलाला स्वतः सही करून बाहेर पडायची परवानगी आहे का? थोरली दहा वर्षांची, वर्गात मॉनिटर. आम्ही 'होय' वर खूण केली. वर्षभर पालकांना "फॉर्म नीट वाचून सही करा" असं बजावणारे आम्ही दोघे शिक्षक, पण आमचं लक्ष खिडकीतून दिसणाऱ्या समुद्राकडे होतं.

जहाज सुटण्याआधी सगळ्या प्रवाशांची कवायत झाली. संकटात कुठे जमायचं, लाईफ जॅकेट कसं घालायचं. इटलीजवळ २०१२ मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आपटलं, तेव्हा नुकत्याच चढलेल्या अनेक प्रवाशांची ही कवायत व्हायची होती. त्यानंतर नियम बदलला आणि १ जानेवारी २०१५ पासून ती जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच लगेच घेणं बंधनकारक झालं. मुलांच्या मनगटाला जमायच्या जागेचा क्रमांक लिहिलेला पट्टा बांधला. धाकट्याला तो घड्याळासारखा वाटला.

कुलाब्याच्या टोकाचा प्राँग्ज दीपस्तंभ मागे पडला. मुलं क्लबमध्ये गेली. आम्ही वरच्या डेकवर एक शांत कोपरा शोधला. जहाज दक्षिणेकडे चाललं की किब्ला साधारण उजव्या हाताला येतो, आणि आमच्या समोर तर सूर्यच बुडत होता, त्यामुळे होकायंत्राचंही काम पडलं नाही. कसरची सवलत मगरिबला नसते, तीन रकात पुऱ्या केल्या आणि तिथेच बसून राहिलो. इतकं आभाळ एका वेळी पाहायची आम्हाला सवय नव्हती. मोबाईल खिशात होता. त्याच्या पडद्यावरच्या दांड्या कधी गेल्या, ते पाहिलंच नाही.

साडेसातच्या सुमारास खाली उतरलो तर धाकटा क्लबच्या दाराशी एका ताईच्या मांडीवर हुंदके देत बसलेला. अंधार पडल्यावर त्याने अम्मी-अब्बूचा धोशा लावला होता. त्यांनी आमच्या मोबाईलवर फोन केला, लागला नाही. केबिनमध्ये केला, तिथे कोणी नव्हतं. मग थोरली म्हणाली, मी बोलावून आणते. तिने सही केली आणि ती गेली. परवानगी होती ना, आम्हीच दिलेली. त्याला पाऊण तास झाला होता.

मग आम्ही तेच केलं जे दादाजींनी करू नका म्हटलं होतं. धाकट्याला तिथेच ठेवून एक वर धावला, एक खाली. दहा-अकरा मजल्यांचं जहाज, सगळे जिने सारखे, सगळ्या बोळांचा गालिचा सारखा, आणि दर दोन मिनिटांनी डोळ्यांसमोर डेकचा कठडा. तो छातीइतका उंच आहे, मूल सहज पलीकडे जाऊ शकत नाही, हे आम्ही दुपारीच पाहिलं होतं. त्या वेळी ते आठवलं नाही. कोल्हारमध्ये एव्हाना दहा जणांनी सांगितलं असतं, कुठे पाहिली ते. इथे कोणाची मुलगी कोण, हे कोणालाच माहीत नव्हतं. क्लबच्या ताईने रिसेप्शनला कळवलं, तिथून कर्मचाऱ्यांना निरोप गेला.

थोरली केबिनच्या बंद दाराला पाठ टेकून खाली बसली होती. दाराचं कार्ड आमच्याकडे. ती आधी तिथे गेली, दार वाजवलं, कोणी नाही म्हटल्यावर तिथेच बसली. रडलेली नव्हती, रागावलेली होती. "तुमीच तो बोले थे, गुमे तो एकच जगा पे बैठना," असं म्हणाली. तिला छातीशी धरलं, आणि मग लक्षात आलं की ती सापडली हे दुसऱ्याला कळवायचं कसं? आमच्यातला एक आणखी दहा मिनिटं वरच्या डेकवर फिरत होता.

रात्री रिसेप्शनवर बसून नीट समजून घेतलं. किनारा दूर गेला की मनोऱ्यांची रेंज संपते. मग फोन जहाजाचं उपग्रहाचं नेटवर्क पकडू शकतो, पण त्याचे दर महाग, म्हणून तो एअरप्लेन मोडवर ठेवणं बरं. काही कंपन्यांच्या जहाजांवर अंतर्गत वायफायवर चालणारं ॲप असतं, इंटरनेट विकत न घेताही त्यावर निरोप धाडता येतो. डिस्नेच्या जहाजांवर तर क्लबमधूनच पालकांना असा निरोप जातो. काही हौशी कुटुंबं वॉकीटॉकी नेतात, पण लोखंडी भिंतींतून आणि इतक्या मजल्यांतून तो नीट चालत नाही. भरवशाची गोष्ट एकच, केबिनमधला साधा फोन, आणि तो वाजेल तेव्हा तिथे कोणीतरी असणं. खरी संकटाची घंटा झाली तर मुलांना कुठे आणतील, आपण क्लबकडे धावायचं की जमायच्या जागी जायचं, हेही विचारून घेतलं. ते प्रत्येक जहाजाने आपल्या पद्धतीने ठरवलेलं असतं आणि चढताच विचारायला हवं.

निघताना आम्हाला काळजी होती ती मुलं हाताशी राहतील का याची. त्या संध्याकाळी मुलं जिथे सांगितलं तिथेच होती. सापडत नव्हतो ते आम्ही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फॉर्मवरची खूण बदलली. वहीच्या पानावर वेळापत्रक लिहून क्लबच्या ताईकडे दिलं. असरपर्यंत अमुक डेकवर, डाव्या बाजूच्या बाकावर. मगरिबच्या आधी आम्ही स्वतः क्लबमध्ये येणार. इशानंतर केबिनमध्ये. घड्याळापेक्षा नमाजच्या वेळा मुलांना पक्क्या ठाऊक असतात. दर तासाला एकाने जाऊन दारातून नुसतं तोंड दाखवायचं. धाकट्याने दुपारी तीनला हात हलवून आम्हाला हाकललं. थोरली मात्र दिवसभर आमच्यावर नजर ठेवून होती.

मार्मागोव्याला उतरताच फोनवर निरोपांचा पाऊस पडला. दादींचे सात मिसकॉल.

घरी आल्यावर पहिल्याच आठवडे बाजारात धाकट्याने विचारलं, "चुकलो तर कुठे बसू?" सवयीने कोपऱ्याकडे बोट केलं, तर ओटा नव्हता. दुकानाला शटर लागलं होतं, पुढे मोटारसायकली उभ्या होत्या. इतकी वर्षं तिथून जात होतो, पण पाहिलं नव्हतं. थोरली म्हणाली, मग आधी जागा ठरवा. मेथीच्या जुड्या हातात धरून आम्ही चौघे रस्त्यातच उभे राहिलो. शेवटी बांगडीवाल्या खालांना विचारलं. त्यांनी बांगड्यांची टोपली जरा सरकवली, पोत्यावर हात फिरवला आणि धाकट्याला बसवून पाहिलं, मावतोय का ते.