बोनान्झाची चढण : वाट नसलेला डोंगर आणि सोडून दिलेल्या खाणी

अमेरिकेच्या नेवाडा राज्यात, कॅलिफोर्नियाच्या सीमेजवळ, बुलफ्रॉग टेकड्यांच्या कुशीत रायोलाइट हे ओसाड गाव आहे. त्याच्या पश्चिमेला लागूनच बोनान्झा डोंगर उभा आहे. बिटी या छोट्या गावातून डेथ व्हॅलीकडे निघाले की सहा-सात किलोमीटरवर रायोलाइट येते. बहुतेक प्रवासी पडक्या बँकेचे फोटो काढून पुढे जातात. डोंगरावर चढायला आखलेली वाट नाही. खाणकामगारांच्या जुन्या गाडीवाटा उतारावर दिसतात, पण त्या कुठल्यातरी खाणीच्या तोंडाशी संपतात, माथ्याकडे जात नाहीत. माथा गाठायचा तर उतार पाहून आपली वाट आपणच काढावी लागते. इथे वर्णन केलेली चढाई हिवाळ्यातल्या एका सकाळची आहे.

या डोंगराला भोके पडली ती सोन्यापायी. १९०४ च्या उन्हाळ्यात शॉर्टी हॅरिस आणि एड क्रॉस या दोन शोधकांना जवळच सोन्याचा दगड सापडला. काही महिन्यांत तंबूंचे गाव वसले आणि दोन-तीन वर्षांत दगडी इमारती, वीज, शाळा, तीन रेल्वेमार्ग असा पसारा झाला. पोलादसम्राट चार्ल्स श्वाब यांनी १९०६ मध्ये इथली माँटगोमेरी शोशोनी ही मुख्य खाण विकत घेतली. त्या काळी वस्ती काही हजारांवर गेली होती. १९०७ च्या आर्थिक संकटात भांडवल आटले, दगडातले सोनेही अपेक्षेइतके निघाले नाही. १९१० च्या जनगणनेत ६७५ माणसे उरली होती. १९११ मध्ये मुख्य खाण बंद झाली आणि १९१६ मध्ये गावाची वीज तोडली गेली. यंत्रे, तुळया, पत्रे लोकांनी इतर गावांसाठी काढून नेले. खणलेली भोके मात्र होती तिथेच राहिली.

डोंगर ज्वालामुखीच्या राखेतून आणि लाव्हातून घडलेला आहे. वय साधारण सव्वा कोटी वर्षांच्या आसपासचे. खडक मुख्यतः रायोलाइट जातीचा. फिकट, गुलाबीसर-पिवळट, ठिसूळ आणि चिरांनी भरलेला. सह्याद्रीतला बेसॉल्ट पायऱ्यापायऱ्यांनी उभा राहतो आणि कातळावर हाताला पकड देतो. इथला खडक तसा भरवशाचा नाही. दिवसाचे ऊन आणि रात्रीची थंडी यांनी त्याचे तुकडे होत राहतात आणि ते उतारावरच साचतात. सोने सापडले ते खडकातल्या भेगांमध्ये भरलेल्या क्वार्ट्झच्या आणि कॅल्साइटच्या शिरांत. शीर जिथे उघडी पडली तिथे खणले गेले. म्हणून खाणींची तोंडे डोंगरावर विखुरलेली नाहीत, शिरांच्या रेषेत ओळीने आहेत. एक तोंड दिसले की त्याच रेषेत वर-खाली दुसरे असण्याची शक्यता धरावी लागते.

चढाईचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च. इथे वर्षाला पाऊस सुमारे १५० मिलिमीटर पडतो आणि सावली देणारे झाड नसते. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ११६० मीटरवर असल्यामुळे हिवाळ्यात सकाळी पाणी गोठण्याइतकी थंडी असते, उन्हाळ्यात ऊन जीवघेणे होते. डोंगरावर झरा नाही. माणशी दिवसाला चार लिटर पाणी हा वाळवंटातला नेहमीचा हिशेब, आणि त्यातले निम्मे संपले की परतायचे. घोट्यापर्यंतचे बूट, जाड हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत. निघण्याआधी कोणत्या बाजूने चढणार आणि किती वाजता परतणार हे मागे राहणाऱ्या कुणाला तरी सांगून ठेवावे लागते, कारण मोबाइलची रेंज भरवशाची नाही.

गाव मागे पडले की आधी कोरडा ओढा लागतो. त्यातल्या वाळूत पाय रुततो, पण काटे कमी असतात. ओढा सोडून सोंडेवर चढताच क्रिओसोटची विरळ झुडपे सुरू होतात. ती एकमेकांपासून अंतर राखून वाढतात, त्यामुळे मधून चालायला जागा मिळते. काटेरी निवडुंगाच्या कांड्या मात्र कपड्याला नुसत्या लागल्या तरी चिकटतात. त्या हाताने न ओढता कंगव्याने उडवून काढतात. खालच्या सपाटीवर जिथे बारीक दगडांचा घट्ट थर बसलेला असतो, तिथे तो न मोडता कडेने जावे. एकदा मोडलेला थर पुन्हा जमायला खूप काळ लागतो.

सोंडेच्या मध्यावर गाढवांनी पाडलेली ढोरवाट मिळाली. खाणकामगारांनी ओझ्यासाठी आणलेल्या गाढवांचे वंशज या परिसरात आजही मोकाट फिरतात. त्यांच्या वाटा उताराला आडव्या जातात, चढ सौम्य करतात आणि घसाऱ्यातली टिकाऊ जागा नेमकी धरतात. वाट संपली तेव्हा पुढे खरा घसारा होता. तिथे चपटे दगड सैल कौलांसारखे एकावर एक सरकत होते आणि दोन पावले वर जावे तर एक मागे येत होते. अशा जागी मधल्या खळग्यातून न जाता कडेच्या पक्क्या दगडांच्या रांगेने चढणे सोपे जाते. बरोबरच्या माणसाच्या थेट खाली कुणी थांबायचे नसते.

चढताना खाण ओळखण्याची खूण म्हणजे टाकाऊ दगडाचा ढीग. खणलेला दगड कामगार तोंडापुढेच उतारावर लोटत. त्यामुळे प्रत्येक तोंडाखाली पंख्याच्या आकाराचा, आजूबाजूच्या ऊन खाल्लेल्या काळपट दगडापेक्षा फिकट रंगाचा पट्टा दिसतो. ढीग छोटा असेल तर वर हातभर खड्डा, शोधकाने चाचणीसाठी खणून सोडलेला. ढीग मोठा आणि वरून सपाट असेल तर मागे खोल काम आहे असे समजायचे. या डोंगरावरचे ढीग खालून मोजत गेले तर कुठे जायचे नाही याचा नकाशाच तयार होतो. दगडांच्या रचलेल्या राशी मात्र वाटेच्या खुणा समजू नयेत. १८७२ च्या खाण कायद्यानुसार सोन्याच्या शिरेवरचा एक दावा जास्तीत जास्त १५०० फूट लांब आणि ६०० फूट रुंद असू शकतो. अनेक राशी आणि खांब हे अशा दाव्यांचे कोपरे आहेत. त्यांच्यामागून चालत गेल्यास माणूस माथ्यावर नाही, खाणीवर पोहोचतो.

तोंडे दोन प्रकारची. आडवा बोगदा आणि उभा शाफ्ट. शाफ्टचा धोका काठापासूनच सुरू होतो. कडेच्या लाकडी फळ्या कुजल्या की भोवतालची माती नरसाळ्याच्या आकारात आत सरकते. वरून पक्की दिसणारी जमीन खालून पोखरलेली असते. बोगदा निरुपद्रवी वाटतो, पण अंधारात त्याच्या जमिनीतच खाली उतरणारे भोक असू शकते. छताला टेकू देणारे लाकूड शंभर वर्षांचे असते. वारा न खेळणाऱ्या भागात कुजणारे लाकूड आणि खनिज प्राणवायू शोषून घेतात. त्या हवेला वास नसतो, म्हणून माणसाला कळण्याआधीच भोवळ येते. जुन्या डायनामाइटमधून नायट्रोग्लिसरीन पाझरलेले असेल तर धक्कासुद्धा पुरतो. तोंडाच्या सावलीत खडखड्या साप विसावतात, आतल्या धुळीत उंदरांमार्फत हंटा विषाणू असू शकतो. काही तोंडांवर लोखंडी गजांची दारे आहेत. गज आडवे आणि अंतराने लावतात, कारण आत वटवाघळे राहतात आणि त्यांना ये-जा करता आली पाहिजे.

ढिगांच्या आसपास गंजलेले पत्र्याचे डबे आणि फुटक्या काचा पडलेल्या असतात. झाकणाला मध्ये डाग देऊन बंद केलेले डबे त्या काळचे. फिकट जांभळी काच पहिल्या महायुद्धाच्या आधीची. काचेत घातलेल्या मँगेनीजला वर्षानुवर्षे ऊन लागून हा रंग आला आहे. केंद्र सरकारच्या जमिनीवरच्या शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७९ च्या कायद्याने संरक्षण आहे. पाहून जागेवरच ठेवायच्या.

शेवटचा टप्पा धारेवरून जातो. खडक इथे उघडा आणि तुलनेने पक्का आहे. माथ्यावरून दक्षिणेला अमर्गोसाचे सपाट वाळवंट, पूर्वेला चुनखडकाचा बेअर माउंटन, पश्चिमेला डेथ व्हॅली अडवणाऱ्या ग्रेपव्हाइन आणि फ्युनरल रांगा दिसतात. पायथ्याला गावाचे रस्ते आखीव चौकोनांत उमटलेले असतात. समोरच्या लॅड डोंगराच्या बाजूला ऐंशीच्या दशकाअखेर सुरू होऊन नव्वदच्या दशकाअखेर बंद झालेल्या खुल्या खाणीचा प्रचंड खड्डा आहे. जुन्या कामगारांनी शीर धरून भोके पाडली, नव्यांनी डोंगराचा लचकाच तोडला.

उतरणे चढण्यापेक्षा अवघड आहे. त्याचे कारण नुसता घसारा नाही. चढताना आधी ढीग दिसतो, मग तोंड. उतरताना क्रम उलटतो. ढीग उताराखाली दडलेला असतो आणि तोंड थेट पायाशी येते. धारेवरून खाली अनेक सोंडा फुटतात, वरून त्या सारख्याच दिसतात आणि अनोळखी सोंड धरण्याचा मोह होतो. त्या सकाळी उतरण चढाईच्याच रेषेने झाली. चढताना वळून पाहून लक्षात ठेवलेले खडक आणि ढोरवाट त्यासाठी उपयोगी पडली.

अशा डोंगरावर जाणाऱ्याने तीन नियम पाळावेत. ढिगाच्या वर चढून तोंडाजवळ जाऊ नये, कोणत्याही बोगद्यात शिरू नये, आणि ज्या रेषेने चढलो तिनेच उजेड असताना उतरावे.