केनियाचे सिंह चालतात, माणसं का नकोत?

परवा आमच्या सोसायटीची मीटिंग झाली. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट केनियाच्या दोन विद्यार्थ्यांना भाड्याने द्यायचा की नाही, हा विषय. "आपल्याकडे फॅमिली राहतात", "रात्री-अपरात्री येतील", "त्यांचं जेवण कसलं असतं कोण जाणे"... दहा मिनिटांत 'नको' ठरलंसुद्धा.

गंमत बघा, याच मंडळींपैकी एक काका गेल्या ऑगस्टमध्ये मसाई मारा बघून आले. सिंह, झेब्रे, नदी ओलांडणारे वाइल्डबीस्टचे कळप, असे शेकडो फोटो त्यांनी ग्रुपवर टाकले. सगळ्यांनी धडाधड लाइक ठोकले. आणि मीटिंगमध्ये मीही गप्प बसले, हे आधीच कबूल करते. घरी आल्यावर झोप लागेना, म्हणून लिहितेय.

आमची सोसायटी शरणपूर रोडला आहे. रोज हजारो नाशिककर इथून जातात. हे शरणपूर म्हणजे नुसतं रस्त्याचं नाव नाही. १८५०च्या दशकात विल्यम प्राइस या मिशनऱ्याने नाशिकजवळ ही वस्ती उभी केली. पूर्व आफ्रिकेतून माणसं पकडून गुलाम म्हणून विकायला नेणारी गलबतं इंग्रजी आरमार समुद्रात अडवायचं. त्यातून सुटलेली काही पोरं मुंबईला उतरवली जात, आणि त्यातली बरीच पुढे शरणपूरला येत. इथे ती लिहा-वाचायला, सुतारकी, लोहारकी शिकली.

१८६६मध्ये लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या शेवटच्या सफरीवर निघाला, तेव्हा त्याने इथली नऊ मुलं सोबत नेली. पुढे जेकब वेनराइट हाही शरणपूरचा विद्यार्थी त्याला जाऊन मिळाला. १८७३मध्ये लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा सोबत्यांनी त्याचा देह महिनोन् महिने पायी चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणला. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये शवपेटीला हात देणाऱ्यांत जेकब होता.

पण मला जास्त भिडला तो विल्यम जोन्स. तोही गुलामीतून सुटलेला, नाशिकला शिकलेला. १८६४मध्ये तो मोम्बासाजवळच्या रबाईला गेला आणि पुढे तिथल्या मिशनचा प्रमुख झाला. मालकांकडून पळालेले गुलाम रबाईला येऊ लागले. जोन्सने त्यांना हाकललं नाही. मालक चवताळले, प्रकरण पेटलं. शेवटी मालकांना भरपाई देऊन १ जानेवारी १८८९ रोजी हजाराहून जास्त माणसं मोकळी झाली. शरणपुरात आसरा मिळालेल्या पोराने तिकडे दुसरं शरणपूरच केलं की!

१८७५मध्ये मोम्बासाला फ्रियरटाउन ही सुटलेल्या गुलामांची वस्ती झाली, तिलाही नाशिकहून गेलेल्या लोकांचा हात लागला. तिथल्या घंटेवरून त्या भागाला आजही केंगेलेनी म्हणतात. स्वाहिलीत केंगेले म्हणजे घंटा.

रबाईची अजून एक गोष्ट. तिथल्या मिजिकेंडा लोकांची 'काया' नावाची पवित्र वनं आहेत. झाड तोडायचं नाही, जाणत्यांनी राखायचं. थेट आपली देवराई! २००८मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा मानलं. आणि त्यांची भाषा ऐका: खबर म्हणजे 'हबारी', दुनियेला 'दुनिया', रंगाला 'रांगी', सबब म्हणजे 'सबाबू'. जेवणाची काळजी असलेल्यांसाठी सांगते, मक्याच्या पिठाचा घट्ट उगाली आणि पालेभाजी, हाताने खायची. चपातीला तिकडेही चपातीच म्हणतात, चहाला चाय.

चाळीसहून अधिक जमातींचा देश आहे तो. आपण जीप भाड्याने घेऊन त्याचे प्राणी बघून येतो, आणि तिथली दोन पोरं शिकायला आली तर दार लावतो. तेही शरणपूर रोडवर!

भाडेकरू म्हणून कागदपत्रं तपासा, डिपॉझिट घ्या, पोलिसांत नोंद करा. सगळ्यांना लावता ते नियम त्यांनाही लावा. पण तोंड बघून 'नको' म्हणू नका. पुढच्या मीटिंगमध्ये मी हा विषय पुन्हा काढणार आहे, आणि या वेळी गप्प बसणार नाही.

तुमच्या सोसायटीत काय होतं? आणि शरणपूरच्या जुन्या आठवणी कुणाच्या घरात असतील, तर खाली नक्की लिहा.