हवालदाराची सही

मारधाडीच्या हिंदी सिनेमात मराठी माणसाची पोस्ट ठरलेली : हवालदार! काम एकच, साहेब आले की खाडकन सलाम. आमच्या बँकेतल्या शिपायालासुद्धा याहून जास्त संवाद असतात.

१९८३ च्या ‘अर्धसत्य’मध्ये आपला वेलणकर चक्क सब-इन्स्पेक्टर झाला, पण वर्दीत अंबाल्याचे ओम पुरी. नगरकडचे सदाशिव अमरापूरकर झाले रामा शेट्टी! १९९८ च्या ‘सत्या’त भिकू म्हात्रे टोळीचा म्होरक्या, तर आत बिहारचे मनोज बाजपेयी. नाव एकाचं, सही दुसऱ्याची! असला चेक मी काउंटरवरूनच परत केला असता. हे मात्र असे वटले, की तिघांनाही बक्षिसं मिळाली.

मागे सलाम ठोकणारा शिंदे किंवा कदम तेवढा अस्सल मराठी. त्याची सही बरोब्बर जुळते. रक्कमच काय ती किरकोळ!